हयात भागीदार

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

दुकानात सध्या मान वर करायला फुरसत नाही. धंद्यांच्या नोंदणीचा नवा कायदा आलाय, तुझ्याकडेही त्याची चर्चा असेलच. जुन्या सगळ्या पेढ्यांनी एकतीस मार्चच्या आत नव्याने नोंदणी करायची. मग प्रत्येकाला एक नंबर मिळणार आणि तो पाटीवर, बिलावर आणि शिक्क्यावर हवाच. शिक्क्यावर, ताई! म्हणजे गावात ज्याचं ज्याचं म्हणून दुकान आहे, तो प्रत्येक जण आपल्या दारात उभा. औषधवाला झाला, कुलूपवाला झाला, काल तर शवपेट्यांचा कारखानदार येऊन गेला. 'नवीन कायद्यानुसार नोंदणीकृत' ही ओळ मी गेल्या महिन्याभरात दोनशे वेळा तरी उलटी जुळवली असेल. झोपेतसुद्धा उलटीच दिसते. तुझी भावजय म्हणते, सरकारला एक आभाराचं कार्ड पाठवा.

हो, एक किरकोळ काम. सोबत एक पान पाठवतोय. फुली मारलीय तिथे सही करून लगेच परत पाठव. आपल्याही दुकानाची नोंदणी करायचीय, आणि जुन्या कागदांत तुझं नाव कुठेतरी अडकलंय. बाकी काही नाही, नुसता सोपस्कार.

भाऊजींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा भाऊ


१७ जानेवारी

प्रिय ठोकळ्या,

गुडघा बरा आहे. कुरकुर गुडघ्यापेक्षा त्यांचीच जास्त.

धंदा जोरात आहे हे वाचून बरं वाटलं. दोनशे वेळा उलटी ओळ जुळवलीस म्हणतोस, तर मग एक सांग. लोकांचे नंबर पाडता पाडता आपला नंबर राहिलाच कसा? कायदा ऑक्टोबरचा, आता जानेवारी अर्धा संपला. सगळ्या गावाचे शिक्के करणाऱ्याला स्वतःच्या नोंदणीची आठवण आत्ता होते, हे तुलाच जमू शकतं.

आता तुझं पान. त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'सातपैकी सातवे' असं छापलंय. बाकीची सहा तू खाल्लीस का? आणि माझं नाव 'कुठेतरी अडकलंय' म्हणजे कुठे? नाव आहे की पतंग? सहीच्या जागेखाली 'हयात भागीदार' असं लिहिलंय. हयात आहे हे मलाही माहीत आहे. पण भागीदार?

मी दवाखान्यात वीस वर्षं लोकांच्या फायली सांभाळते. अपुऱ्या कागदावर सही घेणारा माणूस दिसला की मी त्याला खिडकीवरूनच परत पाठवते. भाऊ असला म्हणून काय झालं? सहा पानं पाठव, वाचते, मग बघू.

ताई


२५ जानेवारी

ताई,

तू म्हणजे ना, राईचा पर्वत करतेस. सहा पानांत काय असणार? दुकानाचा पत्ता, कधीपासून आहे, किती माणसं काम करतात, असलंच सगळं. कचेरीबाहेर एक फॉर्मवाले काका बसतात, त्यांनीच सगळं भरून दिलंय. ते म्हणाले, बहिणीची एक सही आणा, काम फत्ते.

हो, उशीर झाला, कबूल. समोर गिऱ्हाईक उभं असताना स्वतःचा फॉर्म कोण भरणार? एकाने तर शिक्का घेताना विचारलं, 'तुमच्या पाटीवर नंबर दिसत नाही?' कान लाल झाले माझे.

पण आता खरंच घाई आहे. आपली खोली पेढीच्या नावावर भाड्याने घेतलेली आहे. एकतीस मार्चनंतर पेढी यादीतून उडाली की भाडेकरारही उडाला. घरमालक हल्ली रोज सकाळी 'झाली का नोंदणी?' विचारायला येतो, आणि तोंडावर काळजी आणून विचारतो. त्याला ती खोली मोबाइलवाल्याला द्यायचीय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय पेढीचं नावही मोकळं होतं, पहिला येईल त्याने घ्यावं. म्हणजे रबराचं दाबयंत्र, छपाईच्या खिळ्यांचे खण आणि मी, तिघेही रस्त्यावर.

तेव्हा सही कर आणि पाठव. विचारत बसू नकोस.

तुझा भाऊ


८ फेब्रुवारी

ठोकळ्या,

मी विचारत बसले नाही. मी जाऊन आले.

तुझ्या त्या नव्या कायद्यात एक कलम मला फार आवडलं. कुठल्याही पेढीची नोंद कुणालाही बघता येते, आणि राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कचेरीत तिची नक्कल मिळते. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलीने दोनदा विचारलं, तेव्हा कुठे मला ऐकू आलं, 'तुम्ही या पेढीच्या कोण?' म्हटलं, तेच बघायला आलेय.

नक्कल आता माझ्यासमोर टेबलावर आहे. पेढी स्थापन करणारे भागीदार दोन. पहिले बाबा. कचेरीच्या लेखी ते अजून रोज सकाळी दुकान उघडतात. त्यांना जाऊन चार वर्षं झाली आणि तू कळवायची तसदी घेतली नाहीस. दुसरी मी. वय एकोणीस, धंदा 'खिळे जुळवणे'. तिसरं नाव नाही. नीट वाच, तिसरं नावच नाही. म्हणजे आज या पेढीत जिवंत माणूस एकच, आणि ती मी.

आणि तू पाठवलेलं सातवं पान कसलं आहे, तेही त्या मुलीने समजावून सांगितलं. ते हक्कसोडीचं आहे. मी सही केली की पेढीवरचा माझा सगळा हक्क संपला. याला तू 'किरकोळ काम' म्हणतोस? मी तुझी सख्खी बहीण, आणि तू मला फुली दाखवून सही मागतोस? घरमालकाला नावं ठेवतोस, पण तो निदान तोंडावर तरी विचारतो.

मला संताप आलाय. दोन रात्री झोप नाही. खरं काय ते लिही, नाहीतर लिहूच नकोस.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि मग शटर ओढून घेतलं. गिऱ्हाइकं बाहेरून ठोकत होती, ठोकू दिली.

खरं सांगतो. डिसेंबरात नोंदणी करायला गेलो होतो, उशीर वगैरे काही केला नव्हता. खिडकीतल्या बाईंनी नोंद काढली आणि म्हणाल्या, 'यात तुमचं नाव नाही.' मी हसलो. म्हटलं, नीट बघा, मी मालक आहे. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. रांगेतल्या लोकांनीही बघितलं. त्यातले निम्मे माझ्याच दुकानात शिक्के करून घेतलेले.

फॉर्मवाल्या काकांनी दोन वाटा सांगितल्या. भाग ब, म्हणजे हयात भागीदाराने नवा भागीदार घ्यायचा, दोघांनी एकतीस मार्चच्या आत कचेरीत जातीने हजर राहायचं. नाहीतर भाग अ, म्हणजे हयात भागीदाराने सगळी पेढी दुसऱ्याला सोडून द्यायची. त्याला तू यायला नको, नुसती सही पुरते. मी भाग अ घेतला. कारण भाग ब मध्ये तू घेणार आणि मी घेतला जाणार. ज्या दुकानात मी पंचवीस वर्षं तापल्या दाबयंत्रावर हात भाजून घेतले, तिथे मला कुणीतरी दारातून आत घ्यायचं! ते माझ्याने होईना.

आणि सहा पानं का पाठवली नाहीत, तेही सांगतो. सहाव्या पानावर एक चौकट आहे, 'पेढीबाहेरील व्यक्तीचे नाव'. तिथे मला माझं नाव लिहावं लागलं. ते तुझ्या नजरेला पडू नये, एवढंच. तुझा हिस्सा लाटायचा विचार नव्हता. विश्वास ठेवायचा तर ठेव.

सगळ्यात लागलंय ते बाबांचं. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा त्यांनी नोंदणी केली. दोन सज्ञान माणसं लागत होती, म्हणून तुझं नाव घातलं, तेही समजलं. पण मी अठरा वर्षांचा झाल्यावर? पंचविशीत? चाळिशीत? त्यांना वेळ नव्हता असं तर नाही. रोज समोरासमोर बसून जेवत होतो आम्ही. मी कुचकामी वाटत होतो तर तसं सांगायचं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी तुझ्याशी लबाडी केली. माफी मागतो.

तुझा भाऊ


२४ फेब्रुवारी

ठोकळ्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आता मी लिहिते ते तू एकदाच वाच, आणि उभ्याने वाचू नकोस.

तू अठरा वर्षांचा झालास, त्याच महिन्यात बाबांनी मला कागद पाठवला होता. तुला भागीदार करून घ्यायचा कागद. जुन्या कायद्यातही आधीच्या सगळ्या भागीदारांची संमती लागायची. बाबांची सही त्यावर होती. फक्त माझी हवी होती.

मी केली नाही.

का, तेही सांगते, म्हणजे तुझ्या मनात आणखी काही राहायला नको. मी चौदा वर्षांची असल्यापासून त्या दुकानात खिळे जुळवत होते. सरळ अक्षरापेक्षा उलटं अक्षर मला लवकर वाचता यायचं. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, माझ्या पोरीच्या हातून आजवर एक चूक गेली नाही. आणि लग्न ठरलं, त्या आठवड्यात मला म्हणाले, 'आता तू तुझं घर बघ, दुकान त्याचं.' एवढंच. तू तेव्हा शाळेत नापास होत होतास. सात वर्षांनी कागद आला, त्यासोबत एक ओळीची चिठ्ठी. 'सही करून पाठव, विचारत बसू नकोस.' तुझ्या जानेवारीच्या पत्रात तीच ओळ होती. बाप तसा बेटा.

त्यांनी 'करतेस का गं?' असं एकदा विचारलं असतं, तर त्याच दिवशी टपालात टाकला असता. मी वाट बघत बसले ते विचारतील म्हणून. त्यांनी आणखी दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा 'पाठव' म्हणूनच. मग तेही गप्प आणि मीही गप्प. आम्ही दोघं सारखेच हट्टी. पण त्यात भरडला गेलास तू, आणि तुला पत्ताही नव्हता.

'भागीदार?' असं मी तुला भोळेपणाने विचारलं, ते नाटक होतं. मला माहीत होतं. कचेरीत नक्कल काढायला गेले ती माझं नाव बघायला नाही. नंतर कुठल्यातरी मार्गाने बाबांनी तुझं नाव घातलं असेल, या आशेने गेले. नव्हतं. मग तुझ्यावर राग काढला, कारण स्वतःवर काढायची लाज वाटली.

त्यांना तू कुचकामी वाटला नाहीस. त्यांनी तुझं नाव घालायचा प्रयत्न केला आणि मी ते अडवून धरलं. डिसेंबरापासून तू ज्या गोष्टीसाठी बाबांना दोष देतोयस, ती माझी करणी आहे.

ताई


१४ मार्च

ठोकळ्या,

अठरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. यांना भावजयीला फोन करायला लावला. ती म्हणाली, जेवतात, कामाला जातात, बोलत नाहीत. शिव्या घाल, पण लिही.

तारीख जवळ आली आहे, म्हणून तुझी वाट न बघता सही करून तेच सातवं पान सोबत पाठवते आहे. आता सहा पानंही नकोत. दुकान तुझं. कचेरीत दे आणि नंबर घेऊन मोकळा हो. मी त्यात कुणी नाही, आणि असायचा मला अधिकारही नाही.

पोचल्याचं कळव, निदान तेवढं.

ताई


१९ मार्च

ताई,

पान पोचलं.

मला राग आला होता. खूप आला होता. पहिले तीन दिवस तर वाटलं, तुझं तोंडही बघू नये. पंचवीस वर्षं म्हणजे काय गंमत आहे? बाबांनी दुकानात माझी काही चूक काढली की मी मनात म्हणायचो, बघा, म्हणूनच हे मला आपला मानत नाहीत. तेव्हा कागदांचं काही माहीत नव्हतं, पण त्यांच्या वागण्यात काहीतरी अडतंय हे कळायचं. ते माझ्याकडे बघून बोलता बोलता थांबायचे. आता कळलं, काय अडत होतं ते.

पण राग ओसरल्यावर एक गोष्ट आठवली, आणि तेव्हापासून माझीच मला लाज वाटतेय. तुला कधी सांगितली नव्हती. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, 'दुकानाच्या कागदांचं काय?' ते म्हणाले, 'ताईला विचार.' मला वाटलं, ग्लानीत बोलताहेत. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर माझा हात धरून म्हणाले. मी हात सोडवून घेतला. म्हटलं, दुकान मी चालवायचं आणि विचारायचं हिला? नाही विचारलं. चार वर्षं नाही विचारलं. डिसेंबरात कचेरीत अब्रू गेली तेव्हाही नाही. तेव्हा तर फुली मारलेलं पान पाठवलं. तू बाबांच्या एका प्रश्नाची वाट बघत बसलीस, आणि जो विचारायला बाबांनी मला सांगितलं, तो मी गिळून बसलो. आता कोण कुणाला दोष देणार?

तुझं सही केलेलं पान फॉर्मवाल्या काकांना दाखवलं. ते खूश झाले, आजच देऊन टाका म्हणाले. मी म्हटलं, नको, भाग ब काढा. ते वैतागले. म्हणाले, मिळतंय सगळं तर अर्धं कशाला मागता? त्यांना काय सांगणार? सगळं घेतलं तर मी कायमचा पेढीबाहेरची व्यक्ती. ज्याला बहिणीने दुकान देऊन टाकलं, तो. मला ते तसं नको. आणि खोटं का बोलू, मला तूही दुकानात हवी आहेस. माझ्या हातून अजून चुका जातात, ताई. परवा दातांच्या डॉक्टरचा नंबर उलटा जुळवायच्या ऐवजी सरळ जुळवला. पन्नास कागदांवर मारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तुझ्यासारखा डोळा मला नाही, बाबांचं ते खरंच होतं.

फॉर्म भरून झालाय. सातही पानं सोबत आहेत, नीट वाच, कुठे फुली मारलेली नाही. मुदत एकतीसपर्यंत आहे. दोघांना हजर राहावं लागतं, म्हणजे तुला रजा टाकावी लागेल, प्रवास करावा लागेल, आणि भाऊजींचा गुडघा दोन दिवस शेजाऱ्यांच्या स्वाधीन करावा लागेल. यायचं नसेल तर तसं लिही. मग तुझं ते सही केलेलं पान आहेच, मी समजून घेईन.

बाबांनी सांगितलं होतं ते चार वर्षं उशिरा करतोय. ताई, दुकानात मला भागीदार करून घेतेस का?

तुझा भाऊ


२४ मार्च

ठोकळ्या,

घेते.

गुरुवारी सकाळी पोचते. कचेरी उघडायच्या आधी दारात उभा राहा, आणि दाढी करून ये.

ताई